खिडकीबाईंची पंचवीस मिनिटं

खिडकीबाईंनी बटण दाबलं, की कॉम्प्युटर आधी घसा साफ करायचा. मग पंखा घरघरायचा, स्क्रीन काळा व्हायचा, निळा व्हायचा, पुन्हा काळा व्हायचा, आणि मधोमध बारीक ठिपक्यांचं एक कडं गोल गोल फिरायला लागायचं. फिरायचं म्हणजे फिरायचंच. तेवढ्यात बाई काउंटर पुसून घ्यायच्या, प्रिंटरमध्ये कागद भरायच्या, शिक्क्यावरची तारीख बदलायच्या, आदल्या दिवशीचे कागद डॉक्टरांच्या खोल्यांमध्ये पोचवून यायच्या, पाण्याची बाटली भरायच्या, आणि परत येऊन बघावं तर कडं फिरतंय. घाई करून मध्येच माउस हलवला तर स्वारी रुसायची आणि आणखी पाच मिनिटं खायची. एकूण हिशेब पंचवीस मिनिटांचा. घड्याळ लावून मोजलेला, एकदा नव्हे, शंभरदा.

बाईंना चांगलं नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकात. दवाखान्यात कुठल्याही डॉक्टरकडे जायचं तर आधी एक नंबरच्या खिडकीवरून केसपेपर काढावा लागायचा, आणि त्या खिडकीमागे चौदा वर्षं ह्याच बसलेल्या. म्हणून शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना त्या खिडकीबाई. काचेला पाडलेल्या वाटीएवढ्या भोकातून त्यांनी अर्ध्या गावाची वयं ऐकली होती. कोण वय चोरतं, कोण दुखणं एक सांगतं आणि दाखवायचं दुसरंच असतं, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. रांगेत म्हातारं माणूस उभं असलं तर त्या खुर्चीतून अर्ध्या उठून ओरडायच्या, "अहो, आजोबांना बसू द्या, नंबर मी ठेवते त्यांचा!" खिडकी आठला उघडायची. चौदा वर्षांत तिला एक मिनिटही उशीर झालेला बाईंना खपलेला नव्हता.

आणि इथेच त्यांचं नशीब फुटलं होतं.

बाईंच्या घराच्या कोपऱ्यावरून बस सुटायची ती सव्वासातला, नंतर थेट सात चाळीसला. पोचायला पंधरा मिनिटं. कॉम्प्युटर शहाण्यासारखा उठला असता, तर सात चाळीसची बस पकडून बाई पाच मिनिटं आधी खुर्चीत बसल्या असत्या. पण तो पंचवीस मिनिटं घेणार, म्हणजे सव्वासातचीच बस पकडणं भाग. त्यासाठी सात दहाला घर सोडायचं. आणि बाईंचा नवरा घरी यायचा सात वीसला.

तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर. पाळी कायमची रात्रीची, संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत. सकाळी सायकल मारत यायचा, झोपायचा, आणि संध्याकाळी बाई बाजार करून पावणेसातला घरात शिरायच्या तेव्हा दहा मिनिटांपूर्वीच बाहेर पडलेला असायचा. त्याची सुट्टी बुधवारी, तीही बहुतेक कोणाच्या तरी बदलीच्या पाळीत जायची; हिची रविवारी. रविवारी तो आल्याआल्या आडवा व्हायचा तो दुपारी तीनपर्यंत, आणि नंतर कोणी ना कोणी भेटायला टपकायचंच. संसार चालला होता तो फोनवरच्या निरोपांवर. 'दूध उतू गेलं, भांडं भिजत घातलंय.' 'लेकीचा फोन आला होता, बरी आहे.' 'बेसिनचा नळ ठिबकतोय.' एवढंच.

असं पहिल्यापासून नव्हतं, हीच तर बाईंची जळफळ होती. कॉम्प्युटर धड होता तेव्हा त्या सात चाळीसच्या बसने जायच्या. नवरा सायकल लावून आत यायचा, दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचे. पंधरा मिनिटं. फार काही बोलणं व्हायचं असंही नाही, पण दिवस कसा जागेवर बसल्यासारखा वाटायचा. मग सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी वरून हुकूम आला, दवाखान्याचं नवं सॉफ्टवेअर सगळ्या कॉम्प्युटरांवर टाका. टाकलं. त्या दिवसापासून बाईंच्या कॉम्प्युटरने हातपाय गाळले आणि त्या पंधरा मिनिटांचा चहा गेला. बाईंना दुसरं तिसरं काही नको होतं. त्यांना तो चहा परत हवा होता.

घरी त्यांनी हे सांगितलं नव्हतं असं नाही. त्याच आठवड्यात रविवारी त्यांनी सुरुवात केली होती, "अहो, आमचा तो कॉम्प्युटर आहे ना, त्याचं काय झालंय—" नवरा डोळे चोळत होता. म्हणाला, "बदलून घे की मग." बाईंचं डोकंच फिरलं. बदलून घे! जसा काही तो नासका टोमॅटो. त्यानंतर दवाखान्याचा विषय त्यांनी घरात काढला नाही तो नाहीच.

दवाखान्यात मात्र काढला. पहिला अर्ज त्यांनी अधीक्षकांना दिला तो अगदी मुद्देसूद, मिनिटांसकट. महिन्याभराने शेरा आला: 'खिडकी वेळेवर उघडते. तक्रार आढळून येत नाही.' बाईंनी तो कागद उलटा करून पाहिला, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून. मागे काही नव्हतं.

म्हणजे गंमत बघा. बाई पंचवीस मिनिटं आधी येतात म्हणून खिडकी वेळेवर उघडते. खिडकी वेळेवर उघडते म्हणून कॉम्प्युटर चांगला. आणि कॉम्प्युटर इतका चांगला, की बाईंनी रोज पंचवीस मिनिटं आधी यायचं! हे समजायला डोकं लागत नाही, पण डोकं वापरायची तसदी घेणारं कोणी हवं ना.

एकदा प्रिंटर अडकला म्हणून बाहेरून दुरुस्तीवाला आला. कपाळावर चष्मा चढवलेला, तोंडाने सतत काहीतरी पुटपुटणारा माणूस. प्रिंटर झाल्यावर त्याने सहज कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि मग खिडकीची कड धरून वाट बघत उभा राहिला. दहा मिनिटांनी म्हणाला, "बाई, तुम्ही माणूस आहात का कोण आहात? रोज हे सहन करता?"

"मग काय करू? त्याच्या पाया पडू?"

"अहो, मशीन चांगलंय. आतली हार्ड डिस्क थकलीय. त्यात तबकडी फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावर इकडून तिकडे पळत एकेक गोष्ट हुडकते. तुमच्या रेकॉर्डरूममधला माणूस कसा, एक फाईल आणली, पुन्हा गेला, दुसरी आणली."

"आमचा रेकॉर्डरूमवाला तरी बरा. तो बोलावल्यावर ओ देतो."

"एसएसडी बसवा. तिच्यात फिरायला काही नाहीच. सगळं हाताशी, टेबलाच्या खणात असल्यासारखं. बाकी कॉम्प्युटर हाच राहू दे. अर्ध्या मिनिटात उठेल."

"अर्ध्या मिनिटात?"

"वीस सेकंद म्हणणार होतो, पण तुम्ही मला खोटारडा म्हणाल."

बाईंनी त्याच्याकडून एका कागदावर ते नाव नीट लिहून घेतलं आणि दुसरा अर्ज केला. कॉम्प्युटर नको, फक्त एसएसडी द्या. शेरा आला: 'सध्याची डिस्क चालू स्थितीत आहे. चालू वस्तू बदलण्याची तरतूद नाही.' बाईंनी तिसरा अर्ज केला, की डिस्क चालू आहे पण चालत नाही. तो अर्ज भांडारात गेला आणि तिथे कुठल्या फडताळात जिरला, ते भांडारपालालाही सांगता येईना. विचारायला गेलं की तो म्हणायचा, "प्रक्रियेत आहे." एके दिवशी बाईंनी विचारलं, "म्हणजे नक्की कुठल्या खणात?" तर तो चार दिवस बोलला नाही.

इंजेक्शनच्या खोलीतली थोरली सिस्टर बाईंची जवळची. ती एक दिवस कावून म्हणाली, "चूक तुमचीच आहे. तुम्ही लवकर येताच कशाला? एक दिवस आरामात या. बोंबलू देत लोकांना. मग बघा कशी झोप उडते सगळ्यांची."

बाईंना ते पटलं. एका शुक्रवारी त्या मन घट्ट करून सात चाळीसच्या बसने गेल्या. त्या दिवशी नवऱ्यासोबत बसता येईल असं वाटलं होतं, तर नेमका त्याच्या जागी येणारा दिवसपाळीचा माणूस उशिरा आला आणि तो वेळेत घरी पोचलाच नाही. इकडे बाई सात पंचावन्नला खुर्चीत बसल्या, बटण दाबलं. आठ वाजले. काचेपलीकडे चाळीस माणसं. सव्वाआठ. कोणी काच ठोकली. एक बाप कडेवर तापाने फणफणलेलं पोर घेऊन नुसता बघत उभा होता. बाईंना ते बघवेना. आठ वीसला कडं थांबलं, पहिला केसपेपर निघाला, आणि बाईंनी मनाशी ठरवलं की हे पुन्हा करायचं नाही. मेलं ते शहाणपण.

दुपारी त्यांच्या हातात कागद पडला: 'खिडकी उशिरा उघडल्याबद्दल खुलासा सादर करावा.' बाईंनी खुलासा लिहिला, की कॉम्प्युटर सुरू व्हायला पंचवीस मिनिटं लागतात. त्यावर शेरा: 'यापूर्वी सहा वर्षे खिडकी वेळेवर उघडत होती. सबब यंत्राचा दोष दिसत नाही. यापुढे काळजी घ्यावी.'

बाई तो कागद घेऊन सिस्टरच्या खोलीत गेल्या आणि टेबलावर आपटून म्हणाल्या, "घ्या. इंजेक्शन द्या मला कसलंतरी. झोपेचं द्या, नाहीतर सरळ माणूस मारायचं द्या, कोणाला टोचायचं ते मी बघते."

शेवटी जे झालं ते अर्जाने नाही, दाढेने झालं. बाईंची डाव्या बाजूची दाढ कित्येक महिने ठणकत होती. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही सकाळी दात आवळून बसता का हो?" दाढ काढायची ठरली, आणि बाईंनी एक दिवसाची रजा टाकली.

एरवी बाईंची रजा असली की शिपाई हाताने केसपेपर लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाई ते सगळे कॉम्प्युटरवर चढवत बसायच्या. म्हणजे रजेतही खिडकी वेळेवर! पण त्या वर्षापासून हाताने लिहिलेला केसपेपर बंद झाला होता. शिपाई आठला पाच कमी असताना आला, बटण दाबलं, स्क्रीन काळा. त्याला वाटलं चालूच झाला नाही. त्याने पुन्हा दाबलं. कॉम्प्युटर बंद झाला, मग पुन्हा पहिल्यापासून. साडेआठला रांग जिन्यापर्यंत गेली आणि लोक थेट अधीक्षकांच्या दारात. साहेब तरातरा खाली आले, शिपायाला म्हणाले, "हो बाजूला, एवढंसुद्धा येत नाही," आणि स्वतः खुर्चीत बसले. दोन मिनिटं थांबले. मग बटण दाबलं. पुन्हा तीन मिनिटं थांबले. पुन्हा दाबलं. सिस्टर सांगत होती, साहेबांनी ते बटण सात वेळा दाबलं, आणि शेवटी घाम पुसायला रुमाल काढला म्हणून दोन्ही हात गुंतले, तेव्हा कुठे त्या बिचाऱ्या यंत्राला उठायला उसंत मिळाली. पहिला केसपेपर दहाला निघाला.

दुसऱ्या दिवशी बाई गालात कापूस धरून आल्या, तर साहेब खिडकीपाशी हजर. चेहरा गंभीर. म्हणाले, "बाई, ह्या कॉम्प्युटरची अशी अवस्था आहे, हे आधी सांगायचं नाही का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन अर्ज, एक खुलासा, सहा वर्षं, सगळं एकदम घशाशी आलं. आणि तोंडात कापूस! गाल भोपळ्याएवढा सुजलेला, जबडा उघडेना. त्यांच्या तोंडून फक्त "ऊं" एवढंच निघालं. साहेबांनी ते होकारार्थी घेतलं, "असू दे, पुढच्या वेळी लक्षात ठेवा," म्हणाले आणि निघून गेले.

शनिवारी दुपारी दुरुस्तीवाला एसएसडी घेऊन आला. तळहातावर मावेल एवढी चपटी डबी. बाईंनी ती हातात घेऊन तोलून पाहिली. "आत काही आहे ना? का रिकामीच दिली?" त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढलं, आत बोटभर धूळ. जुनी डिस्क नव्या डिस्कवर उतरवायला चार तास लागले आणि बाई चारही तास स्टुलावर बसून होत्या. मध्येच तो म्हणाला, "तुम्ही जा घरी, मी करतो." बाई म्हणाल्या, "सहा वर्षं वाट बघितलीय, आता चार तासांचं काय कौतुक."

सोमवारी बाई सवयीने सव्वासातच्याच बसने गेल्या. विश्वास कोणाचा ठेवायचा? साडेसातला बटण दाबलं आणि काउंटर पुसायला फडका उचलला, तर मागे टुंग झालं. वळून बघतात तो स्क्रीनवर केसपेपरचा रकाना उघडून बसलेला. अठरा सेकंद. त्यांनी बंद केला, पुन्हा चालू केला. अठरा. पुन्हा एकदा. अठरा. फडका हातातच होता. सगळी कामं उरकूनही आठ वाजायला दहा मिनिटं उरली, आणि त्या रिकाम्या दहा मिनिटांत खुर्चीत बसून बाईंना रडू फुटलं. आनंदाने म्हणाल तर नाही. निव्वळ संतापाने. एवढीशी डबी होती!

नऊच्या सुमारास साहेब आले. स्वतः बटण दाबून पाहिलं, खूश झाले. म्हणाले, "छान! मग उद्यापासून खिडकी साडेसातलाच उघडू. तसंही तुम्ही लवकर येताच."

"नाही, साहेब."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. खिडकी आठला उघडते. मी आठला पाच कमी असताना येणार."

"पण बाई, रोजची पंचवीस मिनिटं वाचली ना आता? ती लोकांच्या कामी येऊ देत."

"ती दवाखान्याची नव्हती, साहेब. माझी होती. सहा वर्षं मी दिली, आणि तुम्ही ती कागदावरसुद्धा घेतली नाहीत. आता नाही देणार." बाई हे काचेच्या भोकातून बोलावं तसं मोठ्याने बोलल्या. रांगेतली माणसं ऐकत होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, "बघू, बघू" म्हणाले आणि जिना चढून गेले.

मंगळवारी सकाळी सात दहाला बाई घरातच होत्या. साडी नेसून, पर्स भरून, चहाचं आधण ठेवून. सात वीसला सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. दार उघडून नवरा आत आला, बाईंना पाहिलं आणि जागच्या जागी थबकला. "काय झालं? बरं नाही का? लेकीचा फोन आला का?"

"काही झालेलं नाही. हात धुवा, चहा होतोय."

तो हात धुऊन खुर्चीच्या टोकावर बसला. परक्याच्या घरी बसावं तसा. घड्याळाकडे बघितलं. "बस जाईल तुझी."

"आता सात चाळीसच्या बसने जायचं. रोज." आणि मग बाईंनी सांगितलं. कॉम्प्युटर, डिस्क, अर्ज, शेरे, दाढ, अठरा सेकंद. सहा वर्षांचं तुंबलेलं सगळं एका दमात. नवरा कप हातात धरून ऐकत होता. चहाला त्याने तोंड लावलं नाही.

"म्हणजे तू त्या कॉम्प्युटरमुळे लवकर जायचीस?" त्याने विचारलं.

"मग कशामुळे? हौस होती का मला?"

तो कपाकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं, मी बोललो म्हणून."

"काय बोललात?"

"तेव्हा एकदा. पाळीवर मोटर जळली होती, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. आलो, तू काहीतरी सांगत होतीस, आणि मी ओरडलो तुझ्यावर. म्हटलं, सकाळी सकाळी बडबड नको, मला शांत बसू दे. पुढच्याच सोमवारपासून तू मी यायच्या आत जायला लागलीस." त्याने हातातला कप नुसताच फिरवला. "मी म्हटलं, बरोबरच आहे तिचं."

बाईंना आठवेना. त्यांनी खूप ताण दिला, पण ती सकाळ, ते ओरडणं, काही म्हणता काही आठवेना. ह्या माणसाने ते सहा वर्षं रोज सकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढताना आठवलं होतं.

"अहो, मग विचारायचं नाही का?" बाई कडाडल्या. "तोंडात काय धरून बसला होतात सहा वर्षं? तिकडे ते साहेब, नि इकडे तुम्ही! एकाला म्हणून सरळ विचारता येत नाही!"

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

बाईंनी त्याच्या हातातला गार झालेला कप काढून घेतला, पातेल्यात ओतला आणि पुन्हा गॅसवर ठेवला. मग चष्मा काढून पदराने पुसत बसल्या, गरज नव्हती तरी. कोपऱ्यावर बस आली, थांबली, निघूनही गेली.

"गेली तुझी बस," नवरा म्हणाला. "आता खिडकी उशिरा उघडणार. साहेबांना काय सांगशील?"

बाईंनी त्याच्यापुढे गरम चहा ठेवला, स्वतःचा कप घेतला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"सांगेन, कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला."